कोंते खायला ठाणे ते वाशी

मावसभाऊ फ्रान्सहून आला आणि येताना कोंते चीजचा तुकडा घेऊन आला, एवढं कळल्यावर रविवारी दुपारी ठाण्याहून वाशीची गाडी पकडली. ट्रान्स-हार्बरला रविवारी बसायला जागा मिळते, हे एक बरं. ऐरोली, रबाळे, घणसोली... डावीकडे-उजवीकडे नुसत्या इमारती. वाशीत उतरून सेक्टर 17 मधून चेडर चीज घेतलं. शेजारी ठेवून खाल्ल्याशिवाय फरक कळत नाही. वेष्टनावर ठळक लिहिलेलं : पाश्चराइज्ड दूध.

मावशीने दार उघडताच विचारलं, "अरे, न उकळलेल्या दुधाचं खाणार तुम्ही?"

कोंते ज्युरा पर्वतातल्या गाईंच्या कच्च्या दुधाचंच लागतं, दूध पाश्चराइज करायला नियमानेच बंदी. साधारण 40 किलोची चाकं किमान 4 महिने मुरवतात. पाश्चरायझेशनमध्ये दूध 72 अंशांना 15 सेकंद तापवलं की रोगजंतू मरतात, पण त्यांच्यासोबत गोठ्यातून, कुरणातून आलेले जिवाणूही जातात. मग कारखान्यात ठरावीक विरजण घालायचं. चव दर वेळी तीच येते. धंद्याला तेच हवं असतं.

कोंतेची कड राखाडी-तपकिरी, खरबरीत. आतला भाग फिकट पिवळा. आधी भाजलेल्या शेंगदाण्यासारखी चव, मग गोडसर, गिळल्यावरही मागे रेंगाळणारी. दाताखाली बारीक खडे कचकचले. ते मीठ नव्हे. मुरताना प्रथिनं फुटतात, त्यातून टायरोसिन या अमिनो आम्लाचे स्फटिक तयार होतात. चेडर त्यापुढे खारट आणि सपाट लागलं. पण सगळं श्रेय कच्च्या दुधाला द्यायला मी तयार नाही. असे खडे पाश्चराइज्ड दुधाच्या जुन्या चेडरमध्येही सापडतात. माझं चेडर कोवळं होतं, सामना बरोबरीचा नव्हताच.

वहिनीला सातवा महिना. गरोदरपणी लिस्टेरिया या जंतूची भीती जास्त असते ती कच्च्या दुधाच्या मऊ, ओलसर चीजमध्ये. पाश्चरायझेशननंतर जंतू शिरला तर मऊ पाश्चराइज्ड चीजही सुटत नाही. कोंतेसारख्या कडक, मुरलेल्या चीजमध्ये पाणी कमी, म्हणून धोकाही कमी. हे सगळं मी मावशीला नीट समजावलं.

"बाळ झालं की खाईल," म्हणत मावशीने बशी उचलून माझ्याकडे सरकवली. वहिनीच्या वाट्याला चेडर टोस्ट आला. नवऱ्याकडे बघत ती म्हणाली, "पुढच्या खेपेला माझा तुकडा वेगळा आणायचा."