नाशिकमधली सुशी: मेनू वाचा, बिल त्याहून नीट वाचा

नाशिकमध्ये खाण्याजोगी सुशी, म्हणजे आंबूस भात आणि बहुधा कच्चा मासा असा जपानी पदार्थ, मिळते, हे आधीच सांगून टाकतो. मात्र शनिवारी रात्री आम्ही ज्या ठिकाणी गेलो, तिथे दोघांचे बिल ५,१४० रुपये झाले आणि त्यातले ४६७ रुपये आमच्याकडून सक्तीने घेण्याचा त्यांना अधिकारच नव्हता.

हिशेब असा. पदार्थांचे ४,४५० रुपये, त्यावर १० टक्के दराने ४४५ रुपये सेवा शुल्क आणि या फुगलेल्या बेरजेवर पुन्हा ५ टक्के जीएसटी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सेवा शुल्क बिलात आपोआप लावता येत नाही, दुसऱ्या नावाखालीही नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ही तत्त्वे उचलून धरली. हे सांगितल्यावर व्यवस्थापक शांतपणे म्हणाले, "साहेब, ते सिस्टीममधूनच येतं." सिस्टीम कोणी बसवली, हा प्रश्न त्यांना आवडला नाही. मी फोनवर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावायला घेतला, तेव्हा कुठे ४,६७३ रुपयांचे नवे बिल आले. आपणही हेच करावे, आणि कार्ड यंत्राला लावण्याआधी करावे, कारण पैसे गेल्यावर ते परत मागत बसण्यात अख्खी रात्र जाते. पाण्याच्या दोन बाटल्यांचे १८० रुपये मात्र मुकाट्याने द्यावे लागले. हॉटेलात बाटलीबंद पाण्याला छापील किमतीपेक्षा जास्त आकारणी चालते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच म्हटले आहे. बसल्या बसल्या "साधे पाणी आणा" म्हणावे.

दुसरी फसगत २,४५० रुपयांच्या प्लॅटरची, म्हणजे निरनिराळ्या रोलच्या मोठ्या थाळीची. मेनूत खेकडा लिहिलेला होता, प्रत्यक्षात बहुतेक रोलमध्ये क्रॅब स्टिक आणि क्रीम चीज. क्रॅब स्टिक म्हणजे पांढऱ्या माशाच्या लगद्याला खेकड्याची चव आणि लाल रंग लावून केलेली कांडी. त्यात भरीस भर म्हणजे भात थेट फ्रिजमधला: कण टणक झालेले, चावताना सुटे होणारे, आणि वरची नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा वाळवलेला कागद, ओल धरून चामड्यासारखी चिवट. सुशीचा भात साधारण अंगाच्या उबेइतका कोमट असावा लागतो. इगतपुरीचा इंद्रायणी खाऊन वाढलेल्या माणसाला शिळा गारठलेला भात कळत नाही, असे यांना का वाटले असावे कोण जाणे. वासाबी ही झणझणीत जपानी चटणीही बहुतेक ठिकाणी असते तशीच, म्हणजे हॉर्सरॅडिश या तिखट मुळाला हिरवा रंग दिलेली. तिच्या आणि आल्याच्या जादा वाटीचे १२० रुपये लावणे हा निव्वळ उद्दामपणा आहे. प्लॅटर मागवू नका.

सॅमन निगिरी, म्हणजे भाताच्या मुटक्यावर सॅमन माशाचा काप, मात्र ऐन वेळी हाताने वळून दिली होती, भात कोमट होता, माशाला वास नव्हता, आणि ६९० रुपये महाग असूनही खटकले नाहीत. नाशिकला समुद्र नाही, मुंबई दीडशे किलोमीटरहून दूर, मग कच्चा मासा कसा खावा, ही शंका रास्त असली तरी तिचा रोख चुकतो. कच्चे खायचे मासे परजीवी मरावेत म्हणून बहुधा मुद्दाम गोठवले जातात, उदाहरणार्थ उणे २० अंशांवर सात दिवस. त्यामुळे "मासा ताजा आहे का" असे विचारून काही हाती लागत नाही. "आज वितळवला की काल" हे विचारावे, आणि उत्तर देताना वाढपी आत डोकावून आला तर त्या दिवशी शिजवलेल्या पदार्थांवर भागवावे. १ जून ते ३१ जुलै या काळातल्या मासेमारी बंदीचा आयात सॅमनशी संबंध नाही, तेव्हा पावसाळ्यातले ते कारण ऐकून घेऊ नये.

मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचे) सूप आणि टेम्पुरा (पातळ पिठात बुडवून तळलेले तुकडे) चांगले होते.

शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी उसळते, त्यामुळे आठवड्याच्या मधल्या वारी सातच्या सुमारास जाऊन काउंटरपाशी बसावे. भात कुठून काढतात ते तिथून दिसते. निगिरी सरळ हाताने खावी, जपानमध्येही ती रीत आहे, आणि सोया सॉसमध्ये माशाची बाजू टेकवावी, कारण भाताची बाजू बुडवली की घास वाटीतच विरतो. दोन वेळा सॅमन निगिरी, एक टेम्पुरा आणि साधे पाणी, एवढेच मागवले तर जीएसटी धरून २,१०० रुपये होतात.