लोत्रेकने काढलेला व्हिन्सेंट, आणि न घासलेल्या रेघा

फ्रेंच चित्रकार तुलूझ-लोत्रेकने 1887 मध्ये पॅरिसमध्ये व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं व्यक्तिचित्र केलं, तेही साध्या पुठ्ठ्यावर रंगीत खडूंनी. आज ते ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियममध्ये आहे. दोघांची ओळख चित्रकार कोर्मोंच्या स्टुडिओतली. लोत्रेक तेव्हा विशीतला, व्हिन्सेंट त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठा.

चेहरा एका बाजूने घेतलाय. टेबलावर ॲबसिंथ या कडक दारूचा ग्लास, अंग पुढे झुकलेलं. तो आपल्याकडे बघतच नाही. पलीकडे कुणाशी वाद घालायला सरसावल्यासारखा दिसतो. समोरून काढला असता तर पोझ दिल्यासारखा झाला असता.

खरी गंमत रेघांत आहे. निळ्या-हिरव्या रेघांना खेटून पिवळ्या, नारिंगी रेघा, आणि त्या बोटाने एकजीव केलेल्या नाहीत. फटींतून पुठ्ठ्याचा तपकिरी रंग डोकावतो आणि मधल्या छटेचं काम फुकटात करतो. व्हिन्सेंटही त्या वर्षी अशाच तुटक फटकाऱ्यांनी रंगवत होता. कुणी कुणाकडून घेतलं, हा वाद मला फारसा कामाचा वाटत नाही.

आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीत ऑइल पेस्टल घासून गुळगुळीत करायची सवय लागते. सॉफ्ट पेस्टलमध्ये, म्हणजे लोत्रेकच्या खडूंसारख्या कोरड्या, भुकटी सुटणाऱ्या खडूंत, तीच नडते. घासलं की भुकटी पृष्ठभागाच्या खाचांत गच्च बसते, मग वरचा थर पकडतच नाही आणि रंग मळकट होतो.

या चित्राची नक्कल करून बघायची तर नागपूरच्या बर्डी बाजारातून करडा पुठ्ठा आणा. तो गुळगुळीत असतो, म्हणून पातळ, पारदर्शक जेसोत (रंगाआधी द्यायच्या अस्तरात) थोडी प्युमिस दगडाची पावडर मिसळून एक हात द्या. मागच्या बाजूलाही नुसत्या जेसोचा हात द्या, नाहीतर पुठ्ठा वाकतो. आधी कडक खडूने हलक्या हाताने आकार, मऊ खडू शेवटी. गडद आधी, पिवळा सर्वांत वर. सुटी भुकटी फुंकू नका, ती नाकात जाते. बोर्ड उभा धरून मागून टिचकी मारा. फिक्सेटिव (भुकटी धरून ठेवणारा स्प्रे) मारायचाच तर अधल्यामधल्या थरांवर, लांबून. शेवटच्या थरावर मारला तर फिके रंग काळवंडतात, आणि या चित्रात सगळी जान त्या पिवळ्यातच आहे.

फ्रेमवाल्याला बजावून सांगा: काच हवी, ॲक्रिलिक शीट नको. शीटवरची स्थिर वीज भुकटी ओढून घेते. काच आणि चित्र यांत माउंटची (चित्राभोवतीच्या जाड कागदी चौकटीची) किंवा पट्टीची 4-5 मिलिमीटर फट हवी. नागपूरच्या उन्हाळ्यात पेस्टलला उन्हापेक्षाही कूलरचा धोका मोठा. ओल्या हवेचा झोत येतो त्या भिंतीवर चित्र लावलं तर पुठ्ठा ओल धरतो, आणि पावसाळ्यात त्यावर बुरशीचे ठिपके उठतात. ते पुसायला गेलात तर रंगही निघून येतो. घरातली आतली कोरडी भिंत निवडा, फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळते.