प्रार्थना कोरडी वाटते तेव्हा

"रोज प्रार्थना करतो, वचन वाचतो, पण देवाशी जिवंत नातं म्हणतात तसं काही जाणवत नाही. माझा विश्वास मेलाय का?" तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. उपासना सुटल्यावर, चपला घालता घालता, पुष्कळजण हेच विचारतात.

यावर मी आधी उलट विचारतो, काल प्रार्थनेत नेमकं काय बोललात? उत्तर ठरलेलं असतं. धन्यवाद, घरच्यांना सांभाळ, आजाऱ्यांना बरं कर, आमेन. वर्षानुवर्षं हीच चार वाक्यं बायकोशी बोललात तर घरात काय होईल?

बायबलमधलं स्तोत्र 13 काढा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत 'कोठवर?' असं चारदा विचारलंय, मग दोन वचनं मागणं, आणि शेवटच्या दोनांत भरवसा. तक्रार आधी, भरवसा नंतर. आपण तक्रार गिळतो आणि थेट भरवशावर उडी मारतो, म्हणून तो आपल्यालाच खरा वाटत नाही. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, शेवटी काही उजाडत नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

पंधरा मिनिटं पुरतात, पण वेळ ठरलेली हवी. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि छापील शास्त्र घ्या. मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करा. रोज दहा-बारा वचनं, मोठ्याने, दोनदा. सोळा अध्याय साधारण दोन महिन्यांत होतात. वाचताना जिथे अडलात, खटकलं, तिथेच थांबा आणि त्याच गोष्टीवर देवाशी बोला. मग दोन मिनिटं गप्प. (सगळ्यात जड हीच दोन मिनिटं जातात. डोक्यात दुधाचा हिशेब येतो. येऊ दे, तोही त्याला सांगा.) स्वतःचे शब्दच आटले असतील तर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं एखादं भजन म्हणा.

पापकबुलीत 'माझ्या सर्व पापांची क्षमा कर' हे वाक्य फार सोयीचं आहे. कुठलं पाप, हे सांगावंच लागत नाही. 'काल भावाला हिश्श्यावरून खोटं बोललो' असं म्हणून बघा, जीभ अडते. आणि पुढचं काम गुडघ्यांवर होत नाही, त्यासाठी भावाच्या दारी जावं लागतं. मत्तय 5:23-24 मध्ये येशू अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी समेट करायला पाठवतो. पुष्कळांची प्रार्थना अडते ती इथे, आणि आपण मात्र दोष एकाग्रतेला देतो.

हे सगळं नीट असूनही कोरडं वाटू शकतं. योहान 15 मध्ये द्राक्षवेलाच्या फळ देणाऱ्या फाट्याचीच छाटणी होते, न देणाऱ्याची नव्हे. तो तर काढूनच टाकतात. आपल्याकडे नाशिकच्या द्राक्षबागांत छाटणी वर्षातून दोनदा असते. एप्रिलच्या खरड छाटणीत काडी कापून एखाद्या डोळ्यावर, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेवर, आणतात. बाग उघडीबोडकी दिसते आणि त्या छाटणीवर फळ धरत नाहीत. पण पुढच्या दोनेक महिन्यांत नव्या काडीच्या डोळ्यांत, बाहेरून दिसणार नाही असा, सूक्ष्म घड तयार होतो. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर तोच बाहेर येतो. या मधल्या काळात पाणी आणि नत्र खत जास्त झालं तर बाग माजते, पाला वाढतो, घड कमी पडतात. कोरडेपणा आला की विश्वास जागवण्यासाठी भरणाऱ्या या संजीवन सभेतून त्या सभेत धावणाऱ्यांचं असंच होतं, असं माझं मत आहे. आपली मंडळी (म्हणजे चर्च), रविवारची उपासना, प्रभुभोजन आणि रोजची पंधरा मिनिटं. त्या काळात याहून जास्त खत घालू नका. मात्र झोप उडालीय, जेवण जात नाही, जगणं नकोसं झालंय असं असेल तर पाळकांशी बोला आणि डॉक्टरांकडेही जा. ते विश्वासाच्या विरुद्ध नाही.

आणि खाडे होणारच. दोन दिवस बुडाले की तिसऱ्या दिवशी भरपाई म्हणून तासभर बसायचं, चौथ्या दिवशी त्या तासाच्या धास्तीने बसायचंच नाही, अशीच बहुतेकांची सवय मोडते. सोमवार-मंगळवार गेले तर बुधवारी राहिलेल्या वचनापासून सुरू करा. पंधराच मिनिटं.