‘हो’ दाबलं आणि अकरा दिवस गेले

व्हिसा, तिकिटं, लेकीकडे न्यायच्या भाजणीचं वजन, सगळं वेळेत जमलं. अडलं ते प्रवास विम्याच्या अर्जातल्या एका प्रश्नापाशी : ‘आधीपासून कोणता आजार आहे का? हो / नाही.’

माझं वय ६८, ह्यांचं ७२. ह्यांना बारा वर्षं बीपी आणि सहा वर्षांपूर्वी बसवलेला एक स्टेंट. मला डायबेटिस. मुक्काम न्यू जर्सीत १६५ दिवस. ‘नाही’ दाबलं तर पाच मिनिटांत पॉलिसी मेलवर येते. ‘हो’ दाबलं की पडद्यावर ओळ उमटते, ‘आमचा प्रतिनिधी आपल्याशी संपर्क साधेल.’

तो साधत नाही. आपण फोन करायचा, दर वेळी नवीन माणूस, दर वेळी स्टेंटची कथा पहिल्यापासून. शेवटी सोसायटीतल्या एजंट मुलाला विचारलं. तो म्हणाला, “काकू, ‘नाही’ करून टाका. सगळे तेच करतात. प्रीमियमही कमी येईल.”

सगळे तेच करतात हे खरं आहे. ज्यांना तिकडे काही होत नाही त्यांचं निभावतंही. पण छातीत दुखलं म्हणून इमर्जन्सीत गेलं, की तिथली नर्स पहिल्या पाच मिनिटांत विचारते : कोणते आजार, कधीपासून, कोणत्या गोळ्या. आपण खरंच सांगतो, सांगायलाच हवं. ते तसंच्या तसं नोंदीत उतरतं. दावा गेल्यावर कंपनी आधी ती नोंद मागवते, मग इथल्या फॅमिली डॉक्टरांचे कागद. अर्जात ‘नाही’ आणि नोंदीत ‘बारा वर्षं बीपी’ असं दिसलं, की माहिती लपवली म्हणून दावा फेटाळायला कारण मिळतं. मग भांडण आजाराचं उरत नाही, आपल्या सहीचं होतं. एजंट तेव्हा फोन उचलेल, पण सही त्याची नसते.

तेव्हा ‘हो’च ठेवलं आणि फोन बंद करून मेल सुरू केले. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. फोनवर कुणी काय सांगितलं ते पुढे आपण सिद्ध करू शकत नाही. मेलला अर्ध्या पानाचा तक्ता जोडला : आजाराचं नाव, कोणत्या वर्षापासून, औषध मूळ नावाने (ब्रँड तिकडे कुणाला कळत नाही, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन असं लिहायचं), मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, शेवटचं अ‍ॅडमिशन कधी. खाली तीन प्रश्न. जाहीर केलेल्या आजारातून काही उद्भवलं तर खर्च मिळेल का? मिळणार असेल तर कमाल किती डॉलर? आणि ‘जिवाला धोका’ हा शब्द तुम्ही कशाला लावता?

उत्तर आलं, ‘पॉलिसीच्या अटी व शर्तींनुसार.’

हे वाक्य मी तीन मेलमध्ये तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा जेवणही थंड झालं आणि मीही. मग वेबसाइटच्या तळाशी बारीक अक्षरात तक्रार निवारण अधिकाऱ्याचा मेल पत्ता सापडला. त्यावर आधीचे तिन्ही मेल जोडून एकच ओळ लिहिली, ‘या तीन प्रश्नांची उत्तरं लेखी हवीत.’ दुसऱ्या दिवशी उत्तर हजर! तेव्हा तुम्ही सुरुवातीपासूनच तो पत्ता शोधून ठेवा. तिथेही दाद लागली नाही तर विमा नियामकाचं ‘बीमा भरोसा’ पोर्टल आहे. पॉलिसी घेतल्यानंतर दाव्याचा वाद झाला आणि कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. पुण्यात आणि मुंबईत कार्यालयं आहेत, फी नाही, वकीलही लागत नाही. मात्र एक वर्षाच्या आत जायचं.

तर उत्तर असं : जाहीर आजारावर खर्च मिळेल तो फक्त जिवावर बेतलं तर, आणि प्रकृती स्थिर होईपर्यंतच. कमाल १०,००० डॉलर. पॉलिसी अडीच लाख डॉलरची, पण स्टेंटच्या बाबतीत ती दहा हजारांचीच. हा आकडा जाहिरातीत नसतो आणि फोनवरचा माणूसही सांगत नाही. तपासणी, गोळ्या, ‘जरा बीपी वाढल्यासारखं वाटतंय’ यांना काहीच नाही. सोबत ह्यांचा ईसीजी, माझं एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांतल्या साखरेची रक्ततपासणी) आणि डॉक्टरांचं प्रवासाला योग्य असल्याचं पत्र मागितलं. सत्तरीपुढे असे रिपोर्ट बऱ्याच कंपन्या मागतात, तेव्हा निघायच्या आधी किमान तीन आठवडे हाताशी ठेवा.

एवढं होऊन पॉलिसी आली, आणि तिच्यात ‘आधीचे आजार’ या रकान्यात ह्यांच्या नावापुढे ‘नाही’ छापलेलं. आम्ही ‘हो’ लिहिलं, तक्ता दिला, रिपोर्ट दिले, जादा प्रीमियम भरला, आणि कागदावर ‘नाही’! मेल पुन्हा, एन्डॉर्समेंट (पॉलिसीतली अधिकृत दुरुस्ती) पुन्हा. दुरुस्त कागद अकराव्या दिवशी आला. पॉलिसी आल्या आल्या पहिल्या पानावरची नावं बघून फाइल बंद करू नका. आजारांचा रकाना, पासपोर्ट नंबर आणि जन्मतारीख बोट ठेवून वाचा.

दुसरी मेख सब-लिमिटची. साठीपुढच्या स्वस्त पॉलिसींमध्ये एकूण रकमेच्या आत वेगवेगळ्या खर्चांना कमाल मर्यादेच्या टोप्या घातलेल्या असतात. आधी बघितलेल्या एका तक्त्यात खोलीला दिवसाला १,५०० डॉलर, शस्त्रक्रियेला १०,०००, भूलतज्ज्ञाला शस्त्रक्रियेच्या २५ टक्के, अँब्युलन्सला ३०० असं होतं. शस्त्रक्रियेचं बिल ४०,००० आलं तर उरलेले ३०,००० आपले, मग वर अडीच लाख लिहिलेलं असो की पाच. म्हणून विम्याची रक्कम वाढवण्याआधी सब-लिमिट नसलेला प्लॅन शोधा. सब-लिमिटवाली पाच लाखांची घेण्यापेक्षा बिनसब-लिमिटची एक लाखाची बरी, असं माझं मत. आम्ही बिनसब-लिमिटचीच घेतली. डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक दाव्यात आधी आपण भरायची रक्कम, १०० डॉलर.

लेकीचं म्हणणं होतं की अमेरिकन कंपनीचा व्हिजिटर प्लॅन घ्यावा. तो तिथे पोचल्यावरही घेता येतो. भारतीय पॉलिसी मात्र बहुधा इथून निघण्याआधीच घ्यावी लागते. अमेरिकन प्लॅनच्या दोन जाती. फिक्स्ड बेनिफिटमध्ये प्रत्येक उपचाराला ठरलेलाच आकडा, म्हणजे आपल्या सब-लिमिटची सख्खी बहीण. कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये डिडक्टिबलनंतर ठरावीक रकमेपर्यंत साधारण ८० टक्के आणि पुढे १०० टक्के, नेटवर्कमधल्या हॉस्पिटलात. जुन्या आजाराचं तिथेही ‘अॅक्यूट ऑनसेट’ असेल तरच : अचानक, पूर्वसूचना नसताना, आणि बहुधा २४ तासांत उपचार घेतलेला. हळूहळू वाढत गेलेलं चालत नाही. शिवाय ही सोय बऱ्याच प्लॅनमध्ये सत्तरीला किंवा ऐंशीला संपते नाहीतर आटते. साठीच्या निरोगी माणसाला कॉम्प्रिहेन्सिव्ह चांगला. ह्यांच्यासाठी तो बसला नाही.

युरोपला जाणाऱ्यांचं वेगळं. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतं. तेवढं दिसलं की व्हिसापुरतं काम होतं. तुमचा डायबेटिस त्यात धरलाय का, हे वकिलात बघत नाही. व्हिसा मिळाला म्हणजे विमा पुरेसा, असं अजिबात नाही. कॅनडाच्या सुपर व्हिसाला (मुलांकडे दीर्घ मुक्कामाला जाणाऱ्या आईवडिलांचा व्हिसा) तर किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचं, निदान वर्षभराचं कव्हर लागतं. प्रवासापुरती घेतलेली साधी पॉलिसी तिथे चालत नाही.

आणखी सुचेल तसं. परतीच्या तारखेपुढे आठ-दहा दिवस जास्तीचे घ्या. मुदतवाढ पॉलिसी संपायच्या आत मागावी लागते, आणि मध्ये दावा झाला असेल तर कंपन्या खळखळ करतात. ‘अमेरिका-कॅनडा वगळून’ असा स्वस्त पर्याय यादीत वर असतो, चुकून तो घेऊ नका. नवरा-बायकोची पॉलिसी वेगवेगळीच बरी. सर्दी, पडसं, पाय मुरगळला यासाठी इमर्जन्सीत न जाता अर्जंट केअरमध्ये (किरकोळ दुखण्यांसाठीच्या तिथल्या दवाखान्यात) जा, बिल कितीतरी कमी येतं. कॅशलेस साधारण अ‍ॅडमिट झाल्यावरच असतं, बाकीचं आधी भरून मग मागायचं. त्यासाठी बाबवार बिल, डिस्चार्जचा कागद आणि बोर्डिंग पास जपा. अमेरिकेत आता पासपोर्टवर शिक्का पडतोच असं नाही, म्हणून आय-९४ (तिथल्या प्रवेशाची सरकारी नोंद) डाउनलोड करून ठेवा. दातांना फक्त अचानक उठलेल्या कळेपुरतं मिळतं, कवळी निघण्याआधी इथेच नीट करून घ्या.

आणि मदतीच्या नंबरावर इथूनच एकदा फोन लावून बघा. आमच्या कागदावरचा अमेरिकेतला टोल-फ्री इथून लागत नव्हता, दुसरा नंबर मेल करून मागवावा लागला. हॉस्पिटल पेशंटच्या परवानगीशिवाय बिलाबद्दल दुसऱ्याशी सहसा बोलत नाही, तेव्हा भरती होताना तिथल्या फॉर्मवर लेकीचं नाव लिहायचं, हे ह्यांना दोनदा पढवलंय. पॉलिसी नंबर, दोन्ही फोन आणि औषधांचा तो अर्ध्या पानाचा तक्ता लेकीच्या फ्रिजच्या दारावर लावलाय, नातीच्या शाळेच्या वेळापत्रकाशेजारी, आंब्याच्या आकाराच्या मॅग्नेटखाली.