पहिल्या धारेचा ठसका

सकाळी सव्वासात. हंड्याखालचा गॅस पेटवून पावणेदोन तास झाले होते, शीतनळीच्या तोंडाशी पहिले थेंब टपकायला लागले होते, आणि शेजारचा शिकाऊ मुलगा डोळे चोळायला लागला. मला वाटलं, झोप. मग मलाच ठसका लागला. बंद स्वयंपाकघरात तेल धूर निघेपर्यंत तापवून त्यात सुक्या मिरच्या टाकल्यावर उठतो तसा खाट. घशात खरखर, नाकात झिणझिण्या, डोळ्यांतून धारा. काल्व्हाडोस या सफरचंदाच्या ब्रँडीच्या भट्टीवर यायला हवा तो वास वेगळाच असतो: उकडलेल्या सफरचंदाचा, थोडा सालीचा, थोडा ओल्या तांब्याचा.

तेलाचं उदाहरण उगाच दिलेलं नाही. कढईतलं तेल जळतं तेव्हा त्यातलं ग्लिसरॉल मोडून ॲक्रोलीन तयार होतो, आणि आमच्या नळीतून बाहेर पडत होता तोही ॲक्रोलीनच. सायडर, म्हणजे सफरचंदाचा आंबवलेला रस, गाळणाऱ्यांचं हे जुनं दुखणं.

भट्टी फ्रान्सच्या नॉर्मंडीतली, लिझियूच्या पश्चिमेला, पेई दोज भागात. काल्व्हाडोस हे त्या जिल्ह्याचंही नाव आणि तिथल्या सफरचंदाच्या ब्रँडीचंही. ब्रँडीचे नियम मात्र तीन. नुसतं 'काल्व्हाडोस' लिहिलेल्या बाटलीतला बराचसा माल उंच स्तंभाच्या भट्टीवर एकदाच गाळलेला असतो. दोंफ्रोंते भागात निदान 30 टक्के नासपती लागते, भट्टी स्तंभाचीच, आणि लाकडात किमान 3 वर्षं. पेई दोजला नावाचा संरक्षित दर्जा 1942 मध्ये मिळाला. तिथे तांब्याच्या हंड्यातून दोनदा गाळणं सक्तीचं आणि मुरवणूक किमान 2 वर्षं. आमचं काम या तिसऱ्या प्रकारचं.

आमच्या हंड्यात एका वेळी 2500 लिटर सायडर मावतं. तेवढं करायला साधारण साडेतीन टन सफरचंदं लागतात. सायडरमध्ये मद्यार्क 5 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे हंडाभर सायडरमध्ये शुद्ध मद्यार्क जेमतेम 125-130 लिटर. पहिल्या गाळपात सात-आठ तासांत त्यातून 450 लिटर निघतं, 28-29 टक्क्यांचं. त्याला इथे 'पतीत झो' म्हणतात, म्हणजे 'छोटं पाणी'. गोव्यात काजूच्या रसाचा उराक आधी निघतो आणि फेणी नंतर, त्यातली ही उराकची पायरी. फक्त हे कुणी पीत नाही. असे सहा घाणे झाले की हंडाभर छोटं पाणी जमतं आणि दुसरं गाळप चढतं. ते बारा तास चालतं. त्यात सुरुवातीचे 25 लिटर, म्हणजे 'डोकं', बाजूला काढायचे, मधलं 'हृदय' ठेवायचं, आणि धार 60 टक्क्यांच्या खाली घसरायला लागली की शेपूट पुन्हा वेगळी काढायची. हृदय सरासरी 70 टक्क्यांचं पडतं. नियमाने 72 च्या वर जाता येत नाही. आपल्याकडे 'पहिल्या धारेची' म्हणजे अस्सल, कडक. इथे पहिली धार आधी बाजूला जाते.

त्या दिवशी हंड्यावर पाचवा घाणा होता. चार घाण्यांचं चांगलं 1800 लिटर छोटं पाणी खालच्या टाकीत होतं, आणि नळीचा पाइप नेहमीप्रमाणे थेट त्याच टाकीला जोडलेला. ठसका लागल्यावर पहिलं काम गॅस बंद करणं नव्हे, तो व्हॉल्व्ह फिरवणं होतं. तो फिरवून धार बाजूच्या स्टीलच्या पिंपात वळवेपर्यंत मापावर 30 लिटर गेलेले दिसले. मग गॅस बंद, दोन्ही दारं सताड उघडी, शीतटाकीचं पाणी पूर्ण, आणि माणसं बाहेर. गॅस बंद केला तरी धार थांबत नाही; तापलेला तांब्याचा हंडा बराच वेळ वाफ सोडत राहतो. थंड पाणी पुरेसं नसेल तर तीच वाफ द्रव न होता खोलीत येते. पिंपाशी जाणाऱ्याने तोंडभर बसणारा मुखवटा घालूनच जायचं. हंड्याचं झाकण उघडून 'बघायचं' नाही. पूर्वतापकाचं झाकण मात्र कुणीतरी उचललंच, आणि तिथूनही तोच खाट आला. पुढच्या घाण्याचं सायडर तिथे गरम होत ठेवलेलं असतं. ते त्याच टाकीतलं होतं.

भट्टीवरच्या एका जुन्या माणसाने सुचवलं: मंद आचेवर ठेवा, वायू उडून जाऊ द्या, मग गाळा. ऐकायला पटतं, कारण ॲक्रोलीन 53 अंशांनाच उकळतो. पण सायडरमध्ये तो आयता नसतो. किण्वनात यीस्ट थोडं ग्लिसरॉल बनवते. काही लॅक्टिक जिवाणू ते खाऊन एक बिनवासाचं मधलं रसायन बनवतात, आणि आच लागली की त्याचा ॲक्रोलीन होतो. म्हणजे हंडा गरम आहे तोवर तो बनतच राहतो. सर्वांत जास्त पहिल्या धारेत, पण हृदयातही उतरतो. म्हणून थंड टाकीशी वास घेऊनही काही कळत नाही. आदल्या संध्याकाळी ते सायडर आम्ही चाखलं होतं. थोडं सपक, किंचित कडवट, एवढंच.

मग चाचण्या. काचेच्या चंबूत 200 मिलिलिटर सायडर घ्यायचं, मंद उकळी आणायची, आणि वाफेवर नाक न नेता हाताने वाफ नाकाकडे वळवायची. उरलेल्या पाच टाक्यांपैकी तीन स्वच्छ निघाल्या, एकीवर शंका आली, आणि हंड्यावर चढवलेली सातव्या क्रमांकाची टाकी तर चंबूतही डोळे चुरचुरवत होती. चांगल्या 1800 लिटरमध्ये गेलेल्या 30 लिटरचं काय, हा खरा प्रश्न होता. त्यातलं लिटरभर छोट्या काचेच्या भट्टीवर गाळलं आणि पहिले 20 मिलिलिटर वेगळे हुंगले. टोचणी नव्हती. तरीही त्या घाण्याचं डोकं 25 ऐवजी 40 लिटरवर कापायचं आणि हृदय वेगळ्या पिंपात मुरवायचं ठरलं. थोडा ॲक्रोलीन लाकडात काही वर्षांत कमी होतो, मद्यार्काशी संयोग पावतो. फार असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही.

टाकीची वही काढली तेव्हा सगळं तिथेच लिहिलेलं होतं. एकाच बागेतला माल, ऑक्टोबरअखेरचा, पावसानंतरचा. इथली जुनी उंच झाडं कुरणात असतात आणि खाली गाई चरतात. सफरचंदं झाडावरून तोडत नाहीत, पडलेली गोळा करतात. म्हणून वेचणीच्या निदान महिनाभर आधी गाई हलवाव्या लागतात. त्या बागेतल्या दहा दिवस आधी हलवल्या होत्या. वेचलेला ढीग गवतावर तीन आठवडे पडून होता. धुण्याच्या हौदातलं पाणी दिवसातून एकदाच बदललेलं. वर जातींचं गणित चुकलं होतं: बेदां, बिस्के अशी गोड आणि कडू-गोड फळं भरपूर, पण रँबो किंवा रने मार्तेंसारखी आंबट जवळपास नाहीत. आंबट साधारण 15 टक्के असावीत. ती रसाचा सामू (pH) 3.6 ते 3.8 मध्ये धरतात; या टाकीत तो 4.1 निघाला. दारूत मुरंब्यासारखा गोडवा यावा म्हणून गोड फळं वाढवायची हौस सगळ्यांनाच असते. सल्फाइट घालून जिवाणू रोखण्याची सोय गाळायच्या सायडरला नाही, गंधक धारेत उतरतो आणि तांबंही खातो. त्यात टाकी दक्षिणेच्या भिंतीला, उन्हाची. चिखल, कमी आंबटपणा आणि ऊब एकत्र आल्यावर जिवाणूंना आणखी काय हवं?

दुपारी चारला एका रेस्तराँचा शेफ पिंपं निवडायला येणार होता. आमची नाकं निकामी. ॲक्रोलीनने नाकाची आतली कातडी सुजते, तासन्‌तास बारीक वास कळत नाहीत. बाहेर फिरून, थंड पाण्याने नाक धुऊनही फरक पडेना, तेव्हा आम्ही फक्त ओतायचं आणि त्याने ठरवायचं असं झालं. एक प्रकारे बरंच झालं. एरवी त्याला आम्ही सर्वांत जुनं गळ्यात मारलं असतं.

स्वयंपाकासाठी त्याने 3 वर्षांचा माल घेतला आणि ते बरोबरच होतं. दीड किलोच्या कोंबडीचे तुकडे लोण्यात परतून झाले की 50 मिलिलिटर काल्व्हाडोस वेगळ्या पळीत कोमट करून वर ओततात आणि पेटवतात, वरचा पंखा बंद करून. पंख्याच्या जाळीतलं तूपतेल पेट घेतं. ज्योत आपोआप विझू द्यायची, मग सायडर घालून निम्मं आटवायचं, आणि मलई शेवटी. मलई आधी घातली आणि सायडर आंबट असलं, तर ती फाटते. ही 'व्हाले दोज' पद्धत. यात 6 वर्षांपुढचा 'ओर दाज' ओतणं म्हणजे पैसा जाळणं. लाकडाचा सगळा वास ज्योतीबरोबर जातो.

चीजला त्याने दोन पिंपं लावून पाहिली. कामांबेरला 4 वर्षांचं चाललं. लिव्हारोची साल धुऊन पिकवलेली, वास गोठ्याचा; तिच्यापुढे कोवळी ब्रँडी नुसती तिखट लागते, म्हणून तिथे 8 वर्षांचं. जेवणाच्या मधोमध देतात तो 'त्रू नॉर्मां', म्हणजे नॉर्मंडीचं भोक, पोटात जागा करायला. त्याच्याकडे सफरचंदाच्या सॉर्बेवर 15 मिलिलिटर कोवळी. तर्गूल नावाच्या, दालचिनी घालून पाच तास भट्टीत भाजलेल्या तांदळाच्या खिरीबरोबर मात्र जुनीच हवी. वरची करपलेली साय आणि लाकडाचा वास एकमेकांना ओळखतात. खीर वाढलेली त्याने पुढे केली, पण मला त्या दिवशी दालचिनीचाही वास आला नाही.

हंडा थंड व्हायला दुसरी सकाळ उजाडली. उरलेलं सायडर परत सातव्या टाकीत, हंडा आणि नळी गरम पाण्याने दोनदा, मग नुसत्या पाण्याचा एक घाणा गाळून नळी धुतली. नऊच्या सुमाराला तिसऱ्या टाकीचं सायडर चढवलं. पावणेअकराला थेंब आले. शिकाऊ मुलाने आधी लांबून हुंगलं, मग जवळ येऊन, मग बोटावर घेऊन. साल, ओलं तांबं. या वेळी पाइप आधी पिंपाला जोडला होता. पहिले 10 लिटर हुंगल्यावरच टाकीकडे वळवला, आणि आता रोज तसंच करतो.

ते स्टीलचं पिंप, खडूने फुली मारलेलं, अजून आवारात शेडखाली आहे. भट्टीतून निघालेला प्रत्येक लिटर कस्टमच्या खात्यावर चढतो, त्यामुळे त्यांचा अधिकारी येऊन नोंद करेपर्यंत ते ओतूनही टाकता येत नाही.