हार्ड डिस्कमधलं चुंबक

आज माळा आवरताना जुनी, बंद पडलेली हार्ड डिस्क सापडली. भंगारात द्यायच्या आधी उघडूया म्हणून लेक मागे लागली. स्क्रू चांदणीसारखे, म्हणून शेजारच्या मोबाईलवाल्याकडून स्क्रूड्रायव्हर मागून आणला. आत आरशासारखी तबकडी आणि चंद्रकोरीच्या आकाराची दोन चपटी चुंबकं. बोटाएवढी जेमतेम, पण जवळ नेताच खट्कन मिटली, आणि मध्ये माझ्या अंगठ्याची कातडी! रक्त साकळलंय. एका हाताने टाईप करतोय, चुका पोटात घाला.

ही निओडिमियम, लोखंड आणि बोरॉनची चुंबकं. निओडिमियम म्हणजे 'रेअर अर्थ' म्हणतात त्या १७ मूलद्रव्यांपैकी एक. नावाइतकी ती दुर्मिळ नाहीत बरं का. सिरियम तर भूकवचात जवळपास तांब्याइतकं आहे. पण सगळी विखुरलेली आणि एकमेकांत मिसळलेली. वेगळी करायला भरमसाट आम्लं लागतात, आणि बऱ्याचदा सोबत किरणोत्सारी थोरियमही निघतं. चीनमध्ये बाओटौ शहराबाहेर या कामातून उरलेला गाळ साठून अख्खं काळं तळं झालंय. आसपासच्या शेतकऱ्यांची पिकं गेली, मग गावंही उठली. म्यानमारच्या काचिनमध्ये तर ही मूलद्रव्यं मातीतून सुटी करायला डोंगराला भोकं पाडून आत अमोनियम सल्फेट सोडतात. ते पाझरून ओढ्यात उतरतं.

"बाबा, आपल्या इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये पण हेच असतं?" म्हटलं, बहुतेक हो.

एक चुंबक तिने फ्रिजला लावलंय. आता दोघांनी ओढूनही निघत नाहीये.