वरोऱ्याहून लाटांपर्यंत : आमची वाटचाल

आमचा मूळ धंदा देवदर्शनाच्या सहलींचा. वरोरा, भद्रावती, चिमूर भागातले कास्तकार कापसाचे पैसे हाती आले की तिरुपती-रामेश्वरमला निघायचे. रिझर्वेशनपासून जेवणापर्यंत सगळं आमच्याकडे. जाता-येता महाबलीपुरम व्हायचंच, आणि तिथे फळीवर उभी राहून लाटेसोबत येणारी पोरं दिसली की आमची तरुण मंडळी बसमध्ये चढायला तयार नसायची. सर्फिंगच्या सहली त्यांच्या हट्टातून सुरू झाल्या.

आपलं कोकण सोडून तमिळनाडू कशाला, हा प्रश्न दर वेळी येतो. आमच्या भागातून कोकण गाठायचं म्हणजे अख्खा महाराष्ट्र आडवा कापायचा. उलट दुपारी बल्लारशाहला ग्रँड ट्रंक एक्सप्रेसमध्ये बसलं की दुसऱ्या दिवशी सकाळी चेन्नई, आणि तिथून दक्षिणेला साधारण चाळीस किलोमीटरवर कोवलम. (केरळातलं कोवलम वेगळं.) हे कोळ्यांचं गाव. मूर्ती मेघवन या तिथल्याच मच्छीमाराने २०१२ मध्ये सर्फ स्कूल सुरू केलं. समुद्र ज्यांच्या घरात आहे अशा माणसांकडून आपली पोरं शिकतात, याचं मला फार मोल वाटतं.

आमच्याकडची पोरं विहिरीत, धरणात पोहणारी. थांबलेलं पाणी त्यांना कळतं, ओढणारं कळत नाही. पहिल्याच दिवशी एक जण गुडघाभर पाण्यात उभा राहून ओरडला, "भाऊ, पायाखालची रेतीच चालली ना!" म्हणून फळी हातात देण्याआधी आम्ही सगळ्यांना किनाऱ्यावर बसवून पाणी बघायला लावतो. दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मधला पट्टा शांत दिसतोय, तर तिथे शिरायचं नाही. तिथूनच पाणी परत समुद्रात ओढलं जातं. सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, आडवे पोहत ओढीच्या बाहेर या. दर उन्हाळ्यात समुद्रावर गेलेली पोरं बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्यामुळे माझ्या लेखी हा धडा सर्फिंगपेक्षा मोठा आहे.

उभं राहण्याचा सराव मात्र गावातच होतो. शाळेच्या पटांगणात चुन्याने फळीचा आकार आखायचा, त्यावर पालथं पडायचं, तळहात बरगड्यांजवळ टेकवून एका झटक्यात दोन्ही पाय खाली घ्यायचे, गुडघे वाकलेले, नजर समोर. नजर पायाकडे गेली की माणूस पाण्यात. निंदणं-वेचणीची सवय असलेल्या बायांना हे वाकणं पुरुषांपेक्षा लवकर जमतं, हे आम्ही दर तुकडीत बघतो. शिकाऊ फळी आठ-नऊ फुटांची, मऊ फोमची असते आणि तिची दोरी मागच्या पायाला बांधतात. सुरुवात किनाऱ्याजवळच्या फेसाळ पाण्यात.

आमचं वेळापत्रक शेतीवर चालतं. वेचणी आटोपली की फेब्रुवारी-मार्चमध्ये नवख्यांची तुकडी. मे महिन्यापासून दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळी वाऱ्यांनी उठलेल्या लाटा हजारो किलोमीटर चालत इकडे पोचतात. त्या थोडं शिकलेल्यांसाठी, आणि मृगाआधी परत यायचंच. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे ईशान्य मोसमी पाऊस आणि चक्रीवादळांचा काळ, तेव्हा कुणी कितीही गळ घातली तरी आम्ही नेत नाही.

आमच्या सहलीत दारू चालत नाही. वाळत घातलेल्या जाळ्यांवरून चालायचं नाही, नावा पाण्यात लोटताना फळ्या बाजूला घ्यायच्या. किनारा कोळी बांधवांच्या कामाची जागा आहे. कापसाच्या गंजीवर परका माणूस चढला तर आपल्याला कसं वाटेल, एवढं सांगितलं की आमची माणसं समजून घेतात.

आता काही जुनी मंडळी कर्नाटकातल्या मुळकीला चला म्हणतात. भारतातला पहिला सर्फ क्लब २००४ मध्ये तिथे, शांभवी नदीच्या मुखाजवळ सुरू झाला. ओढ मलाही आहे, पण प्रवास लांबचा. त्याआधी विशाखापट्टणमचा ऋषिकोंडा किनारा करू, बल्लारशाहहून तिकडे थेट गाडी आहे. पुढच्या तुकडीची नावं पोळ्यानंतर घेणार. पोहता येत नसेल तर तसं आधी सांगा, तुमच्यासाठी वेगळा शिकवणारा ठेवू.